घरात माणसं लपवणाऱ्या कुटुंबांची गोष्ट मुलांना कशी सांगायची

मी इंदूरला रामबागेत दर रविवारी सहावी-सातवीच्या पोरांना गोष्टी सांगते. अमेरिकेत गुलामगिरीतून पळून येणाऱ्यांना मदत करणाऱ्या घरांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा पार फसले, कारण सुरुवातच 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणून केली, झालं, एक पोरगा म्हणाला आपल्या मेट्रोसारखं का ताई, आणि पुढची दहा मिनिटं मेट्रोतच गेली. म्हणून ते नाव शेवटी सांगा. रूळ नाही, इंजिन नाही, रात्री एका भरवशाच्या घरातून पुढच्या घरी माणसं पोचवायची, बस.

सुरुवात पाण्यापासून करा. मी विचारते, घरी गुपचूप आठ-दहा पाहुणे आलेत आणि नर्मदेचे नळ एक दिवसाआड, तर पहिलं कुणाला कळेल? सगळे एका सुरात, शेजारच्या काकूंना! मग सांगायचं, इंडियाना राज्यात न्यूपोर्ट गावी लेवी आणि कॅथरीन कॉफिन हे नवरा-बायको राहायचे, त्यांच्या घरात तळघरातच विहीर होती, त्यामुळे किती बादल्या उपसल्या ते बाहेर कुणाला दिसायचंच नाही. वरच्या मजल्यावर छपराच्या उताराखाली एक बुटकं दार, पुढे पलंग सरकवला की दार गायब. इथे गप्प बसा. घाई करू नका, आत खोकला आला तर काय, हे पोरं स्वतःच विचारतात.

दुसरं घर रँकिन यांचं, ओहायो राज्यात रिप्ली गावी, टेकडीवर. घरात तेरा मुलं आणि रात्री खिडकीत दिवा. खाली नदी, पलीकडे केंटकी, तिथे गुलामगिरी कायदेशीर. फळ्यावर नदी काढा, पण नदी ओलांडली की सुटले असं पोरांना वाटू देऊ नका, १८५० च्या कायद्याने पळालेल्यांना नदीच्या अलीकडेही पकडून परत नेता यायचं आणि मदत करणाऱ्यालाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती, म्हणून कित्येक जण थेट कॅनडा गाठायचे.

आणि हो, कॉफिनना देव करू नका, मी केलं होतं. एका मुलीने विचारलं, पळून येणाऱ्यांची नावं नाहीत का? खरंच लाजले. तेव्हापासून जॉन पार्कर घेतेच, स्वतः गुलाम होता, १८४५ मध्ये स्वतःची किंमत भरून सुटला आणि मग रिप्लीहून रात्री होडी घेऊन पलीकडची माणसं आणायचा. आणि फिलाडेल्फियाचा विल्यम स्टिल, आलेल्या प्रत्येकाची हकीकत लिहून ठेवायचा, एकदा समोरचा माणूस आई-वडिलांची नावं सांगायला लागला आणि तो निघाला त्याचा सख्खा भाऊ पीटर, ज्याला त्याने कधी पाहिलंच नव्हतं! इथे वर्गात सुई पडली तरी ऐकू येते.

शेवटी वह्या द्या, गोष्ट दारामागे बसलेल्याच्या बाजूने लिहायची, चार ओळी पुरे. मागच्या खेपेला एकाने एकच लिहिली: 'खाली बादली वाजली, म्हणजे आपल्याला पाणी येतंय.'