गळ्यातली थायरॉईडची गाठ: टीएसएच नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नका

पाणी पिताना आरशात गळ्याशी काहीतरी वर सरकून परत खाली येताना दिसतं, मग आपण थायरॉईडची ब्लड टेस्ट करतो, टीएसएच नॉर्मल येतो, रिपोर्ट फाईलला लागतो आणि विषय संपतो. सगळ्यात मोठी चूक हीच. टीएसएचवरून हार्मोन कमी की जास्त एवढंच कळतं, गाठ कसली आहे ते कळत नाही, कॅन्सरच्या गाठीतसुद्धा तो बहुतेक वेळा नॉर्मलच असतो. म्हणून गळ्याची सोनोग्राफी हवीच. टेस्ट मात्र सोडू नका, कारण टीएसएच कमी असेल तर आधी थायरॉईड स्कॅन (किंचित किरणोत्सर्गी औषध देऊन गाठ किती हार्मोन बनवते ते बघणारी तपासणी, सोनोग्राफी नव्हे) करतात, आणि जास्त हार्मोन बनवणारी 'हॉट' गाठ कॅन्सरची क्वचितच निघते. आणि हो, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टच्या किमान 2 दिवस आधी थांबवा, रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

उलट काही जण गाठ म्हटल्यावर झोपच उडवून घेतात. अहो, 10 पैकी 9 हून जास्त गाठी साध्या असतात! सोनोग्राफीत टायरॅड्स नंबर (गाठ किती संशयास्पद दिसते त्याचा 1 ते 5 अंक, जितका मोठा तितका संशय जास्त) दिलेला असतो तो बघा, 5 असेल तर साधारण 1 सेंमीलाच सुईची तपासणी (एफएनएसी) सुचवतात, 3 असेल तर अडीच सेंमीपर्यंत सहसा नाही.

सुई टोचली की कॅन्सर पसरतो या गैरसमजापायी एफएनएसी टाळणारे खूप भेटतात, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण सुई बारीक असते, काम काही मिनिटांचं असतं आणि ऑपरेशन लागेल की नाही ते बऱ्याचदा त्यावरच ठरतं. या सुईच्या रिपोर्टमध्ये पेशी कशा दिसल्या ते 1 ते 6 अशा बेथेस्डा गटांत लिहितात; 'बेथेस्डा 1' आलं तर 1 म्हणजे चांगलं असं समजू नका, त्याचा अर्थ पेशी पुरेशा मिळाल्याच नाहीत, बहुतेक वेळा सुई परत करावी लागते. 2 म्हणजे साधी गाठ, 6 म्हणजे कॅन्सर.

गाठ विरघळावी म्हणून थायरॉक्सिन (थायरॉईड हार्मोनची गोळी) मनाने सुरू करू नका, त्याने फारसा फरक पडत नाही, उलट जास्त डोसने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. साध्या गाठीला ठरलेल्या वेळी परत सोनोग्राफी बहुधा पुरते.

पण आवाज बसलाय आणि सुटत नाहीये, गाठ भराभर वाढतेय, दगडासारखी लागतेय किंवा लहानपणी मानेला रेडिएशन मिळालंय, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच दाखवा.