फोटोखाली 'एम. एल. सी.' लिहिलंय? जुन्या आमदाराचं चरित्र असं उभं करा

सोलापुरातल्या एखाद्या जुन्या वाड्यात फेट्यातल्या पणजोबांचा फोटो असतो आणि खाली नाव, पुढे 'एम. एल. सी.'. त्या तीन अक्षरांवर विसंबून लिहायला बसू नका. 1937 च्या आधी मुंबई इलाख्याला एकच सभागृह होतं, लेजिस्लेटिव्ह कौन्सिल. तेव्हाचा प्रत्येक सदस्य एम. एल. सी., म्हणजे मेंबर ऑफ लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, असे. 1937 मध्ये दोन सभागृहं झाली, खालचं असेंब्ली आणि वरचं कौन्सिल, आणि तेव्हापासून ही अक्षरं फक्त वरच्या सभागृहातल्यांना लागू झाली. म्हणजे अक्षरं तीच, पण पद वेगळं. म्हणून आधी साल पक्कं करा, आठवणी नंतर.

वहीच्या पहिल्या पानावर निवडणुकांची सालं लिहा: 1920, 1923, 1926, 1930, 1937, 1946 आणि 1952. घरातली प्रत्येक गोष्ट या सालांना लावून बघा. 'पणजोबा 1921 साली काँग्रेसचे आमदार होते' हे बसत नाही, कारण 1920 च्या निवडणुकीवर काँग्रेसचा बहिष्कार होता. 1930 लाही तसाच. 'बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी असेंब्लीत भाषण ठोकलं' हेही चुकीचं, कारण 1939 च्या नोव्हेंबरात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर इलाख्याचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला आणि असेंब्ली भरेनाशी झाली. भाषण झालं असेल, पण ते सभेत किंवा चौकात. अशी गोष्ट टाकून देऊ नका, तिची खरी जागा शोधा. पुष्कळदा नगरपालिकेतली किंवा जिल्हा लोकल बोर्डातली खुर्ची घरच्यांच्या बोलण्यात 'कौन्सिल' झालेली असते.

सदस्य निवडून आलेला की सरकारने नेमलेला, हेही लिहाच. डॉ. आंबेडकर 1927 साली कौन्सिलात आले ते नामनियुक्त म्हणून आणि 1937 साली असेंब्लीत आले ते निवडून. एकाच माणसाच्या या दोन नोंदी, आणि दोन्ही वेगळ्या लिहाव्या लागतात.

मग गाव. आजचा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवलात की घोटाळा झालाच म्हणून समजा. अक्कलकोट स्वतंत्र संस्थान होतं, मंगळवेढा सांगली संस्थानात होतं. ही दोन्ही ठिकाणं स्वातंत्र्यानंतरच्या विलीनीकरणात जिल्ह्यात आली. त्यामुळे 1937 च्या आमदाराचं मूळ गाव मंगळवेढा असलं, तरी त्याचा मतदारसंघ तिथला असणार नाही. तो बार्शी, पंढरपूर, माढा अशा ब्रिटिश मुलखातल्या तालुक्यांत शोधा. 1952 च्या यादीत एकाच मतदारसंघापुढे दोन नावं दिसली तर दचकू नका. काही मतदारसंघांतून तेव्हा दोन-दोन आमदार निवडले जात. ही पद्धत 1961 च्या कायद्याने बंद झाली.

आता कागद. निवडणुकीचा निकाल आणि नेमणूक दोन्ही सरकारी गॅझेटात छापून येत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथून सुरुवात करा. निवडणुकीनंतरच्या काही महिन्यांचे अंक ओळीने चाळा. सूचीवर भिस्त ठेवली तर नाव हुकतं. इंग्रजी कागदात शहराचं नाव 'शोलापूर' असतं, आडनावाचं स्पेलिंग दर वेळी निराळं असतं, आणि कधी नोंद आडनावाखाली तर कधी पहिल्या नावाखाली लावलेली असते. 'रावबहादूर' असतील तर नववर्षाची आणि बादशहाच्या वाढदिवसाची किताबांची यादी बघा, किताबाचं साल तिथे मिळतं.

खरा माणूस भेटतो तो सभागृहाच्या कामकाजाच्या छापील अहवालांत. भाषणांच्या आधी प्रश्नोत्तरं वाचा. भाषण पक्षाचं असू शकतं, प्रश्न बहुधा तालुक्याचा असतो. समजा, एकरूक तलावाच्या पाणीपट्टीवर एकाच सदस्याने तीन अधिवेशनांत प्रश्न विचारले, तर तो कोणत्या शेतकऱ्यांसाठी बोलत होता हे वेगळं सांगावं लागत नाही. प्रश्न क्रमांक, तारीख आणि सरकारचं उत्तर तिन्ही उतरवून घ्या. उत्तराशिवाय प्रश्न अर्धाच. अधिवेशन पुण्यातही भरत असे, म्हणून ठिकाणही टिपा.

घरातले जुने दस्त मोडीत असतील तर मोडी वाचणाऱ्याकडूनच वाचून घ्या, अंदाजाने अक्षरं लावू नका. शकाचं साल असेल तर 78 मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर 79. फसली, म्हणजे महसुली कागदांतल्या, सालात 590 किंवा 591 मिळवावे लागतात, ते महिन्यावर ठरतं. शक आणि फसली यांची गल्लत झाली तर माणूस पाच शतकं मागे किंवा पुढे जातो, आणि ते लगेच लक्षात येतं. एका वर्षाची चूक मात्र वर्षानुवर्षं तशीच छापली जाते.

लिंगायत घराणं असेल तर हेळव्याकडे, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्याकडे, वंशावळ मिळू शकते. पिढ्यांचा क्रम तिथून घ्या, तारखा मात्र शाळेच्या जनरल रजिस्टरातून किंवा नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदीतून. शाळेतली जन्मतारीख मास्तरांनी अंदाजाने घातलेली असू शकते, म्हणून पत्रिका आणि रजिस्टर जुळत नसतील तर दोन्ही तारखा लिहा आणि कुठली कुठून आली ते शेजारीच नोंदवा. प्रत्येक झेरॉक्सच्या मागे पेन्सिलीने दप्तराचं नाव, खंड, पान आणि काढल्याची तारीख लिहा, आणि ते तिथेच टेबलावर बसून लिहा.