फळ्यावर सहा शब्द लिहून सूत्र शिकवता येत नाही: इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांनो, या चुका टाळा

जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवीच्या वर्गात मी फळ्यावर सहा शब्द लिहिले होते: सातत्य, बदल, सत्ता, संसाधन, स्थलांतर, ओळख. प्रशिक्षणातून ताजाताजा आलो होतो. वर्षभराचा इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र या सहा सूत्रांत, म्हणजे सगळ्या धड्यांना जोडणाऱ्या कल्पनांत, ओवायचं, असा बेत टाचणात लिहूनही झाला होता. पोरांनी शब्द सुबक अक्षरात उतरवून घेतले, खाली पट्टीने रेघ मारली. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे किती मार्कांला?"

दिवाळीपर्यंत ते सहा शब्द वहीच्या पहिल्या पानावरच राहिले. पुढे कुठल्याच धड्यात पोरांना ते आठवले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

सूत्र म्हणून नुसता शब्द देणं

'सत्ता' हा शब्द तेरा वर्षांच्या मुलाला काहीच करायला लावत नाही. 'पाणी कोणी वाटायचं, हे कोण ठरवतं?' हा प्रश्न मात्र त्याला स्वस्थ बसू देत नाही. सूत्र नेहमी प्रश्नाच्या रूपात द्या, आणि तो प्रश्न हात लावता येईल अशा वस्तूपाशी विचारा.

आमची शाळा खान्देशातल्या पांझरा नदीच्या काठची. बंधारा पायी वीस मिनिटांवर. दुसऱ्या वर्षी फळ्याला हातच लावला नाही, सरळ वर्ग घेऊन तिथे गेलो. फडपद्धत, म्हणजे नदीचं पाणी शेतांना वाटून घेण्याची इथली रीत, तीनशे-चारशे वर्षं जुनी मानली जाते. नदीत दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि पाटाखालची जमीन काही फडांत विभागलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढे पिकांची अदलाबदल. पाणी द्यायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या. पाणी कमी असलं की त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असल्यामुळे तोटाही सगळ्यांत वाटला जाई.

एवढं सांगायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. पण पोरं तासभर पाटाच्या तोंडाशी उकिडवी बसली होती. दगडावर पाण्याची जुनी खूण दिसत होती, तिथे एकीने बोट ठेवलं आणि शेजारणीला विचारलं, "हाई पानी कोनं शे?" हे पाणी कोणाचं आहे?

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, पोरांच्या अहिराणी बोलीतच, आणि वर्षभर पुसलं नाही. (साहेबांनी तपासणीत त्यावर बोट ठेवलं, तो किस्सा वेगळा.) भूगोलात पांझरा सह्याद्रीकडून येऊन तापीला मिळते, तिथे हा प्रश्न आला. नागरिकशास्त्रात पाणी वापर संस्था आणि २००५ चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला, तिथे पुन्हा आला. कायद्यातली संस्था आणि फडातला हवालदार यांच्यात काय सारखं आणि काय वेगळं, याचा तक्ता पोरांनी माझ्याशिवाय केला. सातत्य आणि बदल हे शब्द तेव्हा आले, म्हणजे सप्टेंबरात. आधी वस्तू, मग प्रश्न, आणि नाव सगळ्यात शेवटी.

सूत्राच्या नादात इतिहास वाकवणं

ही चूक हुशार शिक्षकांची. माझी म्हणजे.

खान्देशात कापसाचा धागा हाती लागला की सोडवत नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इकडे कापसाचे भाव चढले, युद्ध संपल्यावर कोसळले. जगाचा नकाशा आणि गावातलं जिनिंग एका रेषेत आणणारी इतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. मी फळ्यावर बाण काढत गेलो: युद्ध, मग भाव, मग भाववाढीमुळे रेल्वे, मग मंदी, कर्ज, आणि शेवटी १८७५ चे शेतकऱ्यांचे दंगे. वर्ग खूश, मी त्याहून खूश.

एका मुलाने विचारलं, "सर, मग आपल्या गावात दंगा कुठे झाला?"

झालाच नव्हता. १८७५ चे दंगे पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सुरू झाले आणि पुणे-नगर भागात पसरले. रेल्वेचा बाणही उलटा पडला होता. मुंबई-ठाणे गाडी १८५३ चीच, रेल्वेचं काम युद्धाच्या आधीपासून चाललेलं. आणि भुसावळवरून जाणारा फाटा नागपूरला पोचला १८६७ मध्ये, म्हणजे भाव पडल्यानंतर. माझी साखळी सुंदर होती आणि तिच्यातल्या दोन कड्या खोट्या होत्या.

आता नियम केलाय: प्रत्येक बाणावर साल आणि ठिकाण लिहायचं. लिहिता आलं नाही तर बाण तुटक रेषेने काढायचा. तुटक बाण पोरांना जास्त आवडतात, कारण तिथे त्यांना शिक्षकाला पकडायला वाव असतो. 'तिकडे भडका उडाला, मग इकडे का नाही?' हा प्रश्न त्या तुटक बाणातूनच निघाला.

आपला जिल्हा म्हणजे सगळं जग

स्थानिक उदाहरणाचा अतिरेकही होतो. मग धडा 'आमचा थोर खान्देश' या निबंधावर येऊन थांबतो. यावर सोपा उतारा नकाशाचा. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेतला आणि फारुकी सुलतानांचा खान्देश मुघलांकडे गेला. तो अशीरगड आणि फारुकींचं बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहेत. इंग्रजांनी १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, आणि नंदुरबार तर १९९८ चा. एकावर एक ट्रेसिंग पेपर ठेवून या रेषा काढायला लावा. भाषण देऊ नका.

एकाच काठावरून बघणं

'विकास' हे सूत्र घेतलं की धरण म्हणजे वीज आणि सिंचन, असं आपण सपाटीवरचे लोक पटकन बोलून जातो. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. सातपुड्यातल्या वर्गात 'पाणी कोणाचं' हा प्रश्न विचारला, तर पहिलं उत्तर वेगळंच येईल. सूत्र खरं असेल तर ते दोन्ही वर्गांत टिकतं, फक्त उत्तरं बदलतात. दोन्ही बाजूंची कागदपत्रं किंवा आठवणी नसतील तर तो घटक घाईने घेऊ नका.

सगळ्याला तेच उत्तर येऊ लागलं तर

नोव्हेंबरच्या सुमारास हे हमखास होतं. कुठलाही धडा काढा, पोरं एका सुरात म्हणतात, "पाणी!" सूत्राचं पाठांतर सुरू झालं, असं समजा. अशा वेळी सूत्रात न बसणारं काहीतरी मुद्दाम पुढे ठेवा. डिसेंबर १९३६ चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन घ्या, ग्रामीण भागातलं पहिलं. ते शहर सोडून खेड्यात का भरवलं, हे पाण्याने सुटत नाही, दुसरा धागा शोधावा लागतो.

परीक्षेत व्याख्या विचारणं

'सातत्य व बदल म्हणजे काय ते लिहा' असं विचारलंत की वर्षभराची मेहनत पाण्यात. न शिकवलेलं उदाहरण द्या. मी रावेर-यावलच्या केळीचं दिलं होतं: बोअर, ठिबक, खाली जाणारं भूजल, एवढी चार ओळींची माहिती, आणि खाली प्रश्न: 'फडाशी तुलना करा.' एका मुलाने लिहिलं होतं, "फडात पाणी कमी पडलं तर सगळ्यांचं कमी पडायचं. बोअरमध्ये ज्याची खोल त्याचं पाणी. बोअरवाल्यांचा हवालदार कोण?" शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, पण पाचपैकी पाच दिले. २००९ चा भूजल कायदा टाचणात नव्हता. सोमवारचा तास त्यावर घेतला, आणि सुरुवात त्याच्याच तिसऱ्या वाक्याने केली.