दुसऱ्या फाइलमधून येणारा आकडा चुकतोय? एक्सेलची लिंक अशी तपासा

एका फाइलमधला आकडा दुसऱ्या फाइलमध्ये आपोआप यावा म्हणून आपण सेल जोडतो. ही लिंक दोनच गोष्टी सांभाळते: मूळ सेलचा पत्ता आणि तिथून शेवटचा आणलेला आकडा. बहुतेक बिघाडांचं मूळ यातच सापडतं.

आधी दोन्ही फाइल एकाच वेळी उघडा. चुकीचा आकडा दाखवणाऱ्या सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला पट्टीत पाहा. चौकटी कंसात मूळ फाइलचं नाव, मग शीटचं नाव, उद्गारचिन्ह आणि शेवटी सेलचा पत्ता दिसेल. मूळ फाइल बंद असेल तर आधी फोल्डरचा पूर्ण मार्गही दिसतो. हा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. फोल्डरचं नाव बदललेलं असणं किंवा फाइल दुसरीकडे हलवलेली असणं, हे नेहमीचं कारण.

पत्ताच चुकला असेल तर डेटा टॅबमधल्या 'एडिट लिंक्स'वर जा (नव्या आवृत्तीत 'वर्कबुक लिंक्स'). तिथे 'चेंज सोर्स' निवडून योग्य फाइल दाखवा. एकेक सेल हाताने दुरुस्त करत बसू नका. त्याच यादीतलं 'ब्रेक लिंक' मात्र जपून वापरा. ते फॉर्म्युला पुसून नुसता आकडा ठेवतं आणि 'अनडू'ने परत येत नाही. आधी फाइलची प्रत काढाच.

आता सगळ्यात घातक चूक, कारण इथे एररच दिसत नाही. समजा मूळ फाइलमध्ये बेरीज बी१२ मध्ये आहे. कुणीतरी तिच्या वर एक नवी ओळ घातली, बेरीज बी१३ ला सरकली. त्या वेळी जोडलेली फाइल उघडी असेल, तर तिचा पत्ताही सरकतो. बंद असेल तर ती बी१२ च वाचत राहते आणि बेरजेच्या जागी शेवटच्या नोंदीचा आकडा आणते. आकडा खराच वाटतो, म्हणून कुणी तपासत नाही. माझा एक अख्खा अहवाल असाच चुकला होता. तेव्हापासून मी मूळ फाइलमध्ये महत्त्वाच्या सेलला 'नेम बॉक्स'मधून (फॉर्म्युला पट्टीच्या डावीकडची छोटी चौकट) नाव देते आणि लिंक त्या नावाशी जोडते. ओळी कितीही घातल्या तरी नाव बेरजेसोबत सरकतं. निदान महत्त्वाच्या बेरजांना तरी अशी नावं द्याच.

मूळ फाइल उघडल्यावर आकडा बरोबर आणि बंद असताना एरर, असं होत असेल तर फंक्शन पाहा. अटीनुसार बेरीज करणारं 'समइफ' आणि अटीनुसार मोजणारं 'काउंटइफ' बंद फाइलवर '#व्हॅल्यू!' ही एरर देतात, मजकुरातून पत्ता बनवणारं 'इनडायरेक्ट' '#रेफ!' देतं. 'समइफ'च्या जागी 'समप्रॉडक्ट' वापरता येतं, ते बंद फाइलमधूनही वाचतं. त्याहून सोपं म्हणजे बेरीज मूळ फाइलमध्येच करा आणि फक्त उत्तर जोडा.

फॉर्म्युला खाली ओढला की सगळीकडे तोच आकडा येतो? पत्त्यातली डॉलरची चिन्हं काढा. क्लिक करून लिंक केली की एक्सेल ती स्वतःच लावतं. फॉर्म्युल्यात पत्त्यावर कर्सर ठेवून एफ४ दाबत राहिलं की ती निघतात.

आकडा जुनाच राहिला असेल तर फाइल उघडताना वर येणारी सुरक्षेची पट्टी पाहा. तिथे परवानगी दिल्याशिवाय लिंक ताजी होत नाही. फाइल विश्वासाची असेल तरच ती द्या.

सगळ्या लिंक काढल्या तरी फाइल उघडताना लिंकबद्दलचा संदेश येत असेल, तर कुठेतरी एखादी लपलेली आहे. कंट्रोल-एफ दाबून पूर्ण वर्कबुकमधल्या फॉर्म्युल्यांत डावा चौकटी कंस शोधा. तरीही सापडली नाही तर 'नेम मॅनेजर' (फाइलमधल्या सगळ्या नावांची यादी), कंडिशनल फॉरमॅटिंग, डेटा व्हॅलिडेशन आणि चार्टची डेटा मालिका, या क्रमाने पाहा. मला ती बहुतेक वेळा 'नेम मॅनेजर'मध्येच सापडली आहे, दुसऱ्या फाइलमधून शीट कॉपी करताना सोबत आलेल्या एखाद्या जुन्या नावात.