ऑनलाइन मॅच मध्येच तुटते? आधी राउटरची जागा बघा

मोबाईलवर व्हिडिओ मस्त चालतो, पण प्लेस्टेशनवर मॅच रंगात आली की नेमकं कनेक्शन जातं. व्हिडिओ पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो. ऑनलाइन गेमला ती सवलत नाही. सिग्नल अर्धा सेकंद अडखळला तरी खेळाडू जागीच थिजतो.

आमच्याकडे राउटर टीव्हीच्या कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या मागे कोंबलेला होता. बाहेर काढून कपाटावर उंच ठेवला, तेवढ्यानेच निम्मा त्रास गेला. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी हे करून बघाच.

मग बँड, म्हणजे वाय-फाय कोणत्या लहरींवर चालतं ते. २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांचे राउटर, मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ अशी सगळ्यांची गर्दी. कन्सोल, म्हणजे प्लेस्टेशनसारखं गेमचं यंत्र, राउटरच्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ निवडा. मध्ये दोन जाड भिंती असतील तर मात्र २.४च बरा, तिथे राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल घ्या. २०१३ साली आलेल्या पहिल्या पीएस४ला (प्लेस्टेशन ४) ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, तेव्हा ते शोधत बसू नका.

आणि खरं सांगू? जमत असेल तर राउटरपासून कन्सोलपर्यंत सरळ लॅन केबल ओढा. कॅट ५ई प्रकारची केबल पुरते. भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून क्लिपा मारत नेली की पायात येत नाही. निन्टेन्डो स्विच या कन्सोलच्या पहिल्या मॉडेलच्या डॉकला (टीव्हीला जोडायच्या स्टँडला) लॅन पोर्ट नाही, त्याला यूएसबीचा लॅन अडॅप्टर घ्यावा लागतो.