दुबईला गेलेल्या आई-बाबांचा फोन लागेना, मग काय केलं (माझा अनुभव)

आई-बाबा खानापूरहून पहिल्यांदाच दुबईला, भावाकडे गेले. पोचल्यावर व्हॉट्सअॅपवर फोन केला तर रिंग जाते, उचलतात, आवाजच नाही! आई तिकडं हॅलो हॅलो करून रडकुंडीला, मी बेळगावात तसाच. दोन दिवस जीव टांगणीला. फोन बिघडला असंच वाटलं, पण तसं नव्हतं, यूएईत (दुबई ज्या देशात आहे तिथं) व्हॉट्सअॅपचे कॉलच चालत नाहीत, मेसेज आणि व्हॉइस मेसेज मात्र जातात.

मग भावाला सांगून दोघांच्या फोनात बोटिम हे तिकडं चालणारं कॉलचं अॅप टाकलं, मीही घेतलं. त्याचा ओटीपी इकडच्याच नंबरावर येतो, म्हणून सिमकार्डाच्या कंपनीच्या अॅपातून इंटरनॅशनल रोमिंग (इकडचं सिम परदेशात चालायची सोय) चालू केलं. पेन्शनच्या बँकेचे ओटीपी पण त्यामुळंच यायला लागले. डेटा रोमिंग मात्र बंदच ठेवा, नेट घरच्या वायफायवरच, नाहीतर बिल बघून घाम फुटतो.

आणखी एक, सगळे नंबर +91 लावून सेव्ह करा, नुसता दहा आकडी नंबर तिकडून लागत नाही. आईला + कुठं असतो तेच कळेना, शून्य दाबून धरायचा हे मी व्हॉइस मेसेजवर तीनदा सांगितलं. शेवटी तिनं भावाच्या फ्रिजवर कागद चिकटवला, "0 दाबून धर".

तिकडं आपल्यापेक्षा दीड तास मागं, म्हणून आमचे रात्री साडेनऊ ठरलेत. काल स्क्रीनवर आईचा चेहरा दिसला, म्हणाली, "दिसतंय की रे सगळं! जेवलास काय?"