जुन्या रेल्वेसाठी लोकवर्गणी काढताय? गोव्यात या चुका टाळा

मुरगाव ते कर्नाटकातलं कॅसलरॉक ही मीटरगेज लाइन १८८८मध्ये पूर्ण झाली आणि १९९०च्या दशकात ब्रॉडगेज (रुंद रुळांची) झाली. म्हणजे वास्को-मडगावकडची हौशी मंडळी जिचा जीर्णोद्धार करायला निघतात, त्या मार्गावर आज प्रवासी गाड्या आणि कोळशाच्या वाघिणी धावताहेत. ‘आपली जुनी लाइन वाचवा’ असं पत्रक वाटलं की पहिलाच माणूस विचारतो, कुठली लाइन? तिथेच वर्गणी अडते. उद्दिष्ट बोट दाखवता येईल असं हवं: एखादा जुना डबा, इंजिनात पाणी भरायचा लोखंडी नळ, फार तर शंभरेक मीटर मीटरगेज रूळ टाकून त्यावर उभी केलेली गाडी.

इंग्लंडमधल्या ब्लूबेल या हौशी मंडळींनी चालवलेल्या जुन्या रेल्वेला ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत गाडी न्यायची होती. वाटेतल्या खोल खोदाईत मात्र घरोघरचा कचरा भरून टाकलेला. त्यांनी ‘वारसा जपा’ची आळवणी बाजूला ठेवून तो कचरा उपसायलाच लोकांकडे १० पौंड मागितले. २०१३मध्ये गाडी पोचली. आपल्याकडे कचऱ्यासाठी वर्गणी मागायला कुणी धजावणार नाही, पण कशासाठी आणि किती, हे इतकं उघड सांगितलं की लोक देतात.

दुसरी चूक परवानगीआधी पैसे घेण्याची. डबा असो की फलाटावरची घंटा, मालक रेल्वे आहे आणि या मार्गाचा कारभार हुबळीहून चालतो. मंचावरून एखाद्या पुढाऱ्याने दिलेला ‘करून देतो’ हा शब्द म्हणजे परवानगी नव्हे. मोडीत काढलेला माल ई-लिलावात जातो, तो तुमच्या समितीची वाट बघत थांबत नाही. लेखी संमती हातात येईपर्यंत फक्त नावं नोंदवा. तरीही पैसे घ्यायचेच असतील, तर काम न झाल्यास ते परत देणार की कुठे वळवणार, हे पावतीवरच छापा.

आता पैशाची वाट. खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड लावणं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत घातक. संस्था नोंदवा, संस्थेच्या नावाने खातं काढा, सह्या दोघांच्या ठेवा. वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या गर्दीत टेबल मांडून पावत्या फाडताना नुसतं नाव लिहिलं तर पुढे पंचाईत होते. देणगीदाराला करसवलतीसाठी लागणारं प्रमाणपत्र त्याच्या पॅन किंवा आधारसारख्या क्रमांकासकट भरलेल्या विवरणावरूनच निघतं आणि २००० रुपयांवरच्या रोख देणगीला सूट मिळत नाही. ज्याने नवी करप्रणाली घेतलीय त्याला ती एरवीही मिळत नाही, तेव्हा ‘करसवलत’ हे शब्द पत्रकावर ठळक छापू नका.

गोव्यात खरी मेख वेगळीच आहे: पोर्तुगीज पासपोर्ट. लंडनला असलेला भाचा म्हणतो, ‘मामा, माझं इथल्या बँकेत खातं आहे, यूपीआय करतो.’ पैसे वास्कोच्या शाखेतून येतात, पासबुकात गावातलंच नाव दिसतं. पण नागरिकत्व परदेशी असलं की ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ती देणगी विदेशी ठरते. ती घ्यायला एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणाऱ्याला ही अडचण नाही. म्हणून फॉर्मवर ‘राहता कुठे’पेक्षा ‘पासपोर्ट कुठला’ हा रकाना ठेवा. अशी रक्कम आधीच जमा झाली असेल तर तिला हात न लावता ताबडतोब सीएला गाठा.

निधी नुसता पडून राहतो, ही तक्रारही नेहमीची. आयकरातून सूट हवी असेल तर नोंदणीकृत संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के खर्च करावे लागतात. ते जमणार नसेल तर ठरलेल्या कामासाठी रक्कम राखून ठेवत असल्याचं मुदतीत कळवावं लागतं, आणि ती सवलतही ५ वर्षांपुरतीच. रेल्वेची परवानगी रेंगाळली की ही ५ वर्षं भराभर सरतात.

राहता राहिलं छप्पर. अंदाजपत्रकात रंग, पत्रा, सुतारकाम सगळं असतं, शेड नसते. गोव्याच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर ठेवलेल्या डब्याचा पत्रा खिडक्यांच्या खालून गंजायला लागतो, कारण पाणी तिथेच साचतं. शेड आधी बांधा, रंग नंतर लावा. आणि दर वर्षी मे महिन्यात गंज खरवडून प्रायमर मारायचे पैसे पहिल्याच वर्गणीतून बाजूला काढून ठेवा. उद्घाटन झाल्यावर त्यासाठी कुणी खिशात हात घालत नाही.